बाहेरून घेतलेली पदवी आणि नोकरीचे दार

(हिंडलगा येथे भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण. मेळाव्याला येऊ न शकलेल्या बांधवांसाठी येथे देत आहोत. – संपादक)



मी काही वक्ता नव्हे. बँकेच्या काउंटरवर बसून लोकांची पासबुके भरून देणारा, व्हाउचर तपासणारा मी एक साधा क्लार्क आहे. आपल्या गावात दरवर्षी १ जूनला हुतात्मा स्मारकाजवळ मोठमोठ्या नेत्यांची भाषणे आपण ऐकतो. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्यांनी प्राण दिले त्यांच्या गावात उभे राहून बोलायचे म्हणजे शब्द जपूनच वापरले पाहिजेत. त्यामुळे आज मी मोठ्या गोष्टी बोलणार नाही. मला जे रोज दिसते आणि जे मी स्वतः भोगले, तेवढेच सांगणार आहे.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. काही दिवसांपूर्वी गावातलेच एक काका पेन्शन काढायला बँकेत आले होते. पैसे मोजून झाले तरी उठेनात. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "पोरगं उद्यमबागेत कामाला जातंय. बी.कॉम. झालंय. आता नोकरी करत बाहेरून एम.कॉम. करतो म्हणतंय. फीचे पैसे मागतंय. तू बँकेत हैस, तुला ठाऊक असंल. असल्या डिग्रीला नोकरीवाले इचारतात काय रे?"

मागे रांग होती. मी म्हणालो, "काका, रविवारी घरी येतो." रविवारी गेलो आणि दोन तास बसलो. त्या दोन तासांत जे बोललो तेच आज सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न त्या एका घरचा नाही. आपल्यापैकी निम्म्या घरांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे.

आपण सगळ्याला मिळून 'बाहेरून' असा एकच शब्द वापरतो. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संध्याकाळच्या किंवा सुट्टीच्या वर्गांना प्रत्यक्ष जाऊन केलेला अर्धवेळ अभ्यासक्रम ही एक. नेहमीच्या विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून केलेली पदवी ही दुसरी. आणि मुक्त विद्यापीठाची पदवी ही तिसरी. मुक्त विद्यापीठात प्रवेशाला गुणांची अट फारशी नसते, वयाची अट नसते, नोकरी सोडावी लागत नाही. दार सर्वांना उघडे, म्हणून ते मुक्त. आणि नेमके दार उघडे असते म्हणूनच लोकांना त्याची किंमत कमी वाटते. ज्या दुकानात गर्दी नाही तिथला माल वाईट, असे समजणारे आपण लोक.

ही पद्धत आजची नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची मुभा दिली. आपल्याकडे महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिलांसाठी विद्यापीठ काढले. तिथे मराठीतून शिकून मुली 'जी.ए.' म्हणजे गृहीतागमा होत. शिक्षण अस्सल होते, पण त्या विद्यापीठाला कायद्याचा दर्जा मिळाला तो १९५१ साली. म्हणजे पस्तीस वर्षे त्या पदवीला समाजात मान होता, सरकारदरबारी तसा नव्हता. शिक्षण खरे असणे आणि कागद मान्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या काळापासून चालत आले आहे. आजच्या माझ्या बोलण्याचा गाभाही हाच आहे.

देशातले पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबादला १९८२ साली झाले. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापन झाले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचे ब्रीद. शेतकरी, पोलीस, कामगार, लग्न झालेल्या मुली यांना मराठीतून पदवीपर्यंत नेण्याचे मोठे काम त्या विद्यापीठाने केले. १९९६ साली मैसूरला कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ झाले.

आता मुख्य प्रश्न. नोकरी देणारा या पदवीकडे कसा बघतो? माझे उत्तर असे की 'नोकरी देणारा' असा एकच माणूस नसतो. सरकार वेगळे बघते, बँक वेगळे बघते आणि कारखानदार वेगळे बघतो. तिघांचे चष्मे निराळे.

आधी सरकार. सरकार माणसाकडे बघत नाही, कागदाकडे बघते. आणि कागदाच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूचा आहे. केंद्र सरकारने १ मार्च १९९५ रोजी अधिसूचना काढली. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी, त्या वेळच्या दूरशिक्षण परिषदेची मान्यता असेल तर, केंद्राच्या नोकरीसाठी आपोआप ग्राह्य धरावी असे त्यात सांगितले. ती परिषद २०१३ साली गेली आणि काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे, म्हणजे यूजीसीकडे आले. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत आणि पुन्हा २०२२ साली काढलेल्या सूचनेत स्पष्ट म्हटले आहे की मान्यताप्राप्त विद्यापीठाची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीची पदवी व पदव्युत्तर पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. तेव्हा "बाहेरूनची डिग्री सरकारी नोकरीला चालत नाही" असे जो कोणी चावडीवर सांगतो, तो चुकीचे सांगतो.

मात्र यात 'मान्यताप्राप्त' हा शब्द आहे आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. तीन ठिकाणी आपली मुले अडकतात.

पहिले ठिकाण, पायऱ्या गाळणे. मुक्त विद्यापीठांत एके काळी पदवी नसतानाही वयाच्या जोरावर थेट एम.ए. ला प्रवेश मिळत असे. पुष्कळांनी घेतला. पुढे तामिळनाडूतील एका सरकारी संस्थेच्या प्राचार्यपदावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आधीची पदवी न घेता थेट मुक्त पद्धतीने मिळवलेली एम.ए. त्या नेमणुकीसाठी चालणार नाही, असा निकाल २००९ साली लागला. अर्थ साधा आहे. दहावी, बारावी, तीन वर्षांची पदवी आणि मग पदव्युत्तर, ही शिडी आहे. मधली पायरी गाळून वर गेलात तर वर पोचल्यावर कोणीतरी खाली बघणारच.

दुसरे ठिकाण, मान्यतेचे वर्ष. विद्यापीठ सरकारी आहे एवढे पुरत नाही. आपण ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमाला मान्यता होती का, हे बघावे लागते. आपल्या अगदी जवळचे उदाहरण मैसूरच्या मुक्त विद्यापीठाचे. राज्याबाहेर संस्थांमार्फत अभ्यासक्रम चालवल्याच्या कारणावरून यूजीसीने २०१३-१४ पासूनची त्यांची मान्यता काढली, आणि ते जाहीर झाले २०१५ साली. मान्यता पुन्हा मिळाली ती २०१८ साली, आणि तीही ठरावीक अभ्यासक्रमांना. मधल्या काळात ज्यांनी फी भरून पुस्तके आणली त्या विद्यार्थ्यांचा काय दोष होता? आज ते विद्यापीठ रीतसर चालू आहे, त्याच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण सरकारने काढलेल्या विद्यापीठाचे असे होऊ शकते, तर बाकीच्यांचे काय, हे ध्यानात ठेवा.

तिसरे ठिकाण, अभ्यासक्रमच दूरशिक्षणात नसणे. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, नर्सिंग यांची पदवी दूरशिक्षणाने होत नाही. पीएच.डी. सुद्धा दूरशिक्षणाने होत नाही. अर्धवेळ पीएच.डी. करता येते, ती गोष्ट वेगळी. आपली डिप्लोमा झालेली मुले कारखान्यात असतात. त्यांना कोणीतरी गाठून "घरबसल्या बी.ई. करून देतो" म्हणून सांगतो. काही अभिमत विद्यापीठांनी २००१ ते २००५ या काळात दूरशिक्षणाने प्रवेश देऊन अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. त्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्थगित केल्या आणि त्या लोकांना नोकरीत बढती मिळालेली असतानाही पुन्हा परीक्षेला बसायला सांगितले. केसात पांढरे डोकावू लागल्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायची वेळ आली त्यांच्यावर.

माझ्या नात्यातल्याच एका मुलाची हकिगत सांगतो. नाव सांगत नाही आणि संस्थेचेही सांगत नाही. शहरात एका गाळ्यावर बोर्ड बघून त्याने एम.बी.ए. ला पैसे भरले. विद्यापीठ दूरच्या कुठल्यातरी राज्यातले. पुस्तके आली नाहीत, वर्ग झाले नाहीत, गुणपत्रिका मात्र फर्स्ट क्लासची आली. घरात पेढे वाटले. दोन वर्षांनी एका निमसरकारी नोकरीत त्याची निवड झाली आणि कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर ती गुणपत्रिका परत सरकवली गेली. तो तिथून निघून थेट घरी आला नाही. रात्री अकराला आला. त्याच्या आईने त्या दिवसापासून फ्रेम केलेला तो कागद भिंतीवरून काढून ठेवला आहे. पैसे गेले ते गेलेच, पण पोराचा स्वतःवरचा विश्वास गेला, तो अजून पुरता परत आलेला नाही.

आता बँक. हे माझे घर, म्हणून जरा मोकळेपणाने बोलतो. सरकारी बँकांत क्लार्क व्हायला कुठल्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी लागते. ती मुक्त विद्यापीठाची असली तरी चालते. पण पदवी ही फक्त फाटकाची किल्ली. आत घेते ती स्पर्धा परीक्षा. परीक्षेचा पेपर तपासणाऱ्या यंत्राला तुम्ही कुठे शिकलात ते कळत नाही. एका अर्थाने आपल्यासारख्यांसाठी याहून न्याय्य दुसरे काही नाही.

आत आल्यावर काय? मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. पुढे लग्न झाले, आईवडील थकले, आणि मनात राहून गेलेले एम.कॉम. दूरशिक्षणाने करायचे ठरवले. दोन वर्षे शनिवारी रात्री आणि रविवारी दिवसभर अभ्यास केला. परीक्षेला पहाटेची गाडी पकडून जायचो. डबा बायकोने बांधून दिलेला. पास झालो, चांगल्या गुणांनी झालो. पुढे अधिकारीपदाच्या मुलाखतीला बसलो. समोरच्या साहेबांनी माझा अर्ज उलटापालटा केला आणि हसून विचारले, "हे एम.कॉम. पोस्टाने आलं वाटतं?" बाकीचेही हसले. मला उत्तर सुचले नाही. खरे सांगतो, त्या दिवशी मला माझ्या पदवीची लाज वाटली, आणि लाज वाटली याची आज लाज वाटते.

पण त्या हसण्यात अपमान होता तशी एक माहितीही होती. बँकेला एम.कॉम. नको होते. बँकेला हव्या होत्या त्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स या संस्थेच्या परीक्षा, जेएआयआयबी आणि सीएआयआयबी. त्या पास झाल्या की जादा वेतनवाढ मिळते, बढतीत वजन पडते. एम.कॉम. ला जी दोन वर्षे दिली ती आधी तिकडे दिली असती तर हिशेब वेगळा झाला असता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, जमाखर्च मला कळतो असे मी समजत होतो. पण स्वतःच्याच वर्षांचा जमाखर्च मांडायला चुकलो. म्हणून मुलांनो, पहिली गोष्ट ही की तुम्ही ज्या धंद्यात आहात त्या धंद्याला कुठला कागद हवा आहे ते आधी विचारा. आपल्याला काय आवडते हा एक प्रश्न आणि साहेबाला काय लागते हा दुसरा प्रश्न.

मग माझे एम.कॉम. वाया गेले का? नाही. त्या अभ्यासामुळे मला ताळेबंद वाचता येऊ लागला. एकदा कर्जाच्या एका फाईलमध्ये येणी फुगवून दाखवली होती, ती माझ्या नजरेला पडली. तेव्हापासून व्यवस्थापक अवघड फाईल आली की माझ्या टेबलावर पाठवतात. पद तेच, पगार तोच, पण माझ्या शब्दाला किंमत आली. ही किंमत पगारपत्रकात दिसत नाही, हेही तितकेच खरे.

तिसरा कारखानदार किंवा खाजगी कंपनीवाला. उद्यमबागेत, पलीकडे शिनोळीत, कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावात किंवा गोव्यात वेर्णाला आपली मुले जातात. तिथला मालक यूजीसीचा कागद काढून बघत बसत नाही. माझ्या ओळखीचे एक फाउंड्रीवाले आहेत, आमचे जुने खातेदार. मी त्यांना सरळ विचारले, "दोन मुलगे आले, एक कॉलेजात जाऊन एम.कॉम. झालेला आणि एक नोकरी करत बाहेरून झालेला, कोणाला घ्याल?" ते म्हणाले, "बाहेरून झालेल्यानं चार वर्षं कुठं काम केलं ते आधी विचारीन. काम केलं असेल आणि वर अभ्यासही केला असेल, तर तो पोरगा टिकाऊ आहे. पण काम नाही, वर्गही नाही, नुसता कागद घेऊन आला असेल, तर त्यानं चार वर्षं केलं काय?"

मला यात खाजगी मालकाचे सारे शहाणपण दिसले. नोकरीसोबत घेतलेली पदवी ही अनुभवाला जोड म्हणून शोभते, अनुभवाच्या जागी ती बसत नाही. मोठ्या कंपन्या नवी मुले घेतात ती मोठ्या कॉलेजांच्या दारात जाऊन. तिथे मुक्त विद्यापीठाच्या एम.बी.ए. ला कोणी बोलावत नाही, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. पण जो माणूस आधीच कंपनीत आहे, त्याला सुपरवायझरवरून वर जायला पदवीची अट आडवी येत असेल, तर तीच पदवी त्याला हात देते. पदवी तीच, पण बाहेर उभ्या असलेल्याला तिचा उपयोग थोडा आणि आत असलेल्याला जास्त.

प्राध्यापक व्हायची इच्छा असणाऱ्यांसाठी दोन शब्द. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची एम.ए., एम.कॉम. ५५ टक्क्यांनी झाली असेल तर नेट परीक्षेला बसता येते. नेट पास झालेल्याला "तुझी एम.ए. बाहेरून ना?" असे विचारायचे धाडस फारसे कोणी करत नाही. पण सीमाभागातल्या मुलांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. महाराष्ट्राची सेट पास झालात तर ती महाराष्ट्र आणि गोव्यातल्या महाविद्यालयांसाठी. कर्नाटकाची के-सेट ही कर्नाटकासाठी. नेट मात्र सगळ्या देशात चालते. आपण उंबरठ्यावर राहणारी माणसे. दोन्ही घरांत चालेल असेच नाणे आपण खिशात ठेवावे.

आणि इथेच आपल्या दुखण्यावर बोट ठेवले पाहिजे. राज्याच्या विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र काढता येत नाही. नियम चांगल्या हेतूने केला असेल, गाळ्यागाळ्यांतून पदव्या विकणाऱ्यांना त्याने आळाही बसला. पण त्याची झळ आपल्याला लागते. नाशिकचे मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवते, आणि वेंगुर्ला रस्त्याने इथून पाऊण तासाच्या आत महाराष्ट्राची हद्द लागते. तरीही हिंडलग्यात किंवा बेळगावात त्याचे केंद्र होऊ शकत नाही. आमच्या मुलीला मराठीतून एम.ए. करायचे तर तिने हद्द ओलांडून केंद्र गाठावे, सुट्टीच्या दिवशी एस.टी. ची वाट बघावी, परीक्षेला मुक्काम करावा. १ नोव्हेंबर १९५६ ला नकाशावर ओढलेली रेघ २००४ पासून सर्वोच्च न्यायालयासमोर आहे. तोपर्यंत ती रेघ आमच्या मुलांच्या वेळापत्रकातूनही जाते, हे राज्यकर्त्यांना कोणी सांगायचे? आपणच सांगायचे. महाराष्ट्र शासन आपल्या काही नोकरभरतीत ८६५ गावांतल्या रहिवाशांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करू देते. जे शासन नोकरीसाठी आपल्याला आपले मानते, त्याने अभ्यासकेंद्राच्या बाबतीतही हद्दीलगत काय सोय करता येईल ते बघावे, असे निवेदन आपल्या मंडळाने द्यावे अशी माझी जाहीर विनंती आहे.

त्याच वेळी दुसरी बाजूही सांगतो, कोणाला आवडो न आवडो. सरकारी बँकांच्या क्लार्कभरतीत ज्या राज्यातून अर्ज करायचा त्या राज्याची भाषा यावी लागते. कर्नाटकातून अर्ज केला तर कन्नड. आपल्या हुतात्म्यांचा लढा सक्तीविरुद्ध होता, भाषेविरुद्ध नव्हता. मी काउंटरवर रोज कन्नड बोलतो, त्याने माझी मराठी तसूभर कमी झालेली नाही. स्वतःच्या मर्जीने शिकलेली भाषा हे आपले हत्यार असते. मुलांनी ते जवळ ठेवावे.

आता कामाच्या चार सूचना. बँकेत आम्ही सही जुळल्याशिवाय पैसे देत नाही. तुम्हीही पडताळल्याशिवाय फी भरू नका.

पहिली, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र या तिन्हींची मान्यता बघा. एजंटने दाखवलेली झेरॉक्स म्हणजे मान्यता नव्हे. त्या पानाची प्रत तारखेसह काढून फाईलला लावून ठेवा. दहा वर्षांनी पडताळणीला तीच उपयोगी पडेल. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला डीईबी-आयडी काढावा लागतो. तो स्वतः काढा, दुसऱ्याच्या मोबाईलवर काढू नका.

दुसरी, प्रवेशाआधी विद्यापीठाला लेखी विचारा की कर्नाटकातला पत्ता चालतो का, वर्ग कुठे, परीक्षा कुठे. तोंडी उत्तर घेऊ नका. इग्नूला देशभर अधिकार आहे, त्यामुळे ज्यांना हद्दीची कटकट नको त्यांनी तोही विचार करावा.

तिसरी, नियमित पदवी घेता येत असेल तर ती सोडून केवळ सोपे म्हणून बाहेरून करू नका. परिस्थितीने नोकरी करावी लागत असेल तर नोकरी सोडून केवळ शिक्का मिळवण्यासाठी कॉलेजात जाऊही नका. दोन्हींचा हिशेब मांडा.

चौथी, अर्जात पदवी कशी मिळवली ते लपवू नका. विचारले तर सरळ सांगा, "दिवसा काम केले, रात्री शिकलो." मला त्या मुलाखतीत हे वाक्य सुचले नव्हते. तुम्हाला आधीच देऊन ठेवतो.

शेवटी ज्येष्ठांना आणि माझ्या भगिनींना हात जोडून एक सांगणे आहे. आपण नेहमी मालकांना दोष देतो, पण या पदवीला पहिला नकार आपल्याच घरात मिळतो. स्थळ बघताना बायोडाटावर एम.ए. दिसले की आपणच विचारतो, "रेग्युलर की बाहेरून?" आमच्या गल्लीतल्या एका सुनेने दोन लेकरे सांभाळून, सासऱ्यांचे दुखणे काढून, मराठीतून एम.ए. केले. सकाळी भाकऱ्या थापताना पुस्तक फडताळाला टेकवून वाचायची. तिचा निकाल लागला त्या दिवशी घरातले एक वडीलधारे म्हणाले, "घरबसल्या काय, कोणीही होईल." तिने काही उत्तर दिले नाही, चहा ठेवला. आज ती नेटची तयारी करते आहे. ती पास होईल न होईल, पण घरबसल्या कोणीही झाले नव्हते, तीच झाली होती, एवढे तरी आपण कबूल करू या.

त्या काकांना मी त्या रविवारी काय सांगितले ते सांगून थांबतो. मी मुलाला विचारले, "एम.कॉम. कशाला?" तो म्हणाला, "अकाउंट्स विभागात जागा निघणार आहे, पदव्युत्तरला पहिली पसंती आहे, असं साहेब म्हणालेत." म्हणजे पोराने विचारायचा तो प्रश्न आधीच विचारला होता. मी काकांना म्हणालो, "काका, मान्यता मी बघून देतो, फी तुम्ही भरा." काका उठले, आतून पैसे आणून मुलाच्या हातात दिले आणि मला म्हणाले, "बघ हां, तुझ्या जबाबदारीवर."

मित्रहो, ती जबाबदारी मी घेतली आहे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी गावातच असतो. ज्यांना आपल्या विद्यापीठाची मान्यता तपासून घ्यायची असेल त्यांनी कागद घेऊन यावे. माझ्यासारखे चार नोकरदार पुढे आले आणि मंडळाने एक खोली, एक संगणक दिला, तर वर्षाकाठी दहा-वीस मुलांची फी आणि वर्षे वाचतील. आपल्या वडिलांनी आपल्याला शिकवण्यासाठी जमिनीचे तुकडे गहाण टाकले. आपण निदान पुढच्या पिढीला खोट्या कागदापासून वाचवू या.



जय महाराष्ट्र!